सोफा भिंतीला टेकवला तर काय बिघडलं?

घर सजवताना होणाऱ्या चुकांची यादी आता बहुतेकांना पाठ झाली आहे. सोफा भिंतीला चिकटवून ठेवू नका. पडदे आखूड नकोत, गालिचा लहान नको, फोटो फार उंच नकोत. शोकेसमध्ये गर्दी नको, प्लास्टिकची फुलं तर मुळीच नकोत. कोल्हापुरात राजारामपुरीतला वन बीएचके असो, कळंब्याकडचा नवा फ्लॅट असो, घर लावायला घेतलेलं जोडपं ही यादी हातात धरूनच सुताराशी बोलतं. आणि ज्यांची घरं आधीच लागलेली आहेत, त्यांना पाहुणे आले की आपल्या स्टीलच्या मांडणीची उगाच लाज वाटू लागते.

ही लाज अनाठायी आहे. त्या यादीतल्या बहुतेक गोष्टी चुका नाहीतच, त्या कुणाच्या तरी आवडीनिवडी आहेत. खऱ्या चुका वेगळ्या असतात, महाग असतात आणि त्या यादीत सापडत नाहीत, कारण त्या फोटोत दिसत नाहीत. चूक ओळखायचं माझं माप सरळ आहे. तिच्यामुळे कुणाची पाठ दुखते का? कुणाला दम लागतो का? भिंत कुजते का, वीजबिल वाढतं का, घसरून कुणाचं हाड मोडतं का? यातलं काहीच होत नसेल, तर ती चूक म्हणायचं कारण नाही. हे माप लावलं की कोल्हापुरात घर लावताना पैसा कुठे घालायचा आणि कुठे नाही, हे बरंच स्पष्ट होतं.

सोफ्यापासूनच सुरुवात करू. सोफा भिंतीपासून ओढून खोलीच्या मधे घ्या, म्हणजे गप्पांना जवळीक येते, हा सल्ला मोठ्या बैठकीच्या खोल्यांसाठी ठीक आहे. आपल्याकडे हॉल १० बाय १२ फुटांचा, म्हणजे १२० चौरस फुटांचा. त्यात ८ बाय ६ फुटांचा, पावणेतीन फूट खोलीचा एल आकाराचा सोफा ठेवला की साधारण ३१ चौरस फूट गेले, पाव हॉल संपला. तोच सोफा भिंतीपासून फूटभर पुढे घेतला तर मागची आठ चौरस फूट जागा कुणाच्याच कामाची राहत नाही, आणि पुढची जायची-यायची वाट अडीच फुटांच्या खाली येते. ताट घेऊन माणूस सरळ चालू शकेल अशी वाट तीन फुटांची लागते.

दुसरं म्हणजे आपल्या घराचा हॉल वर्षातून कितीतरी वेळा रिकामा करावा लागतो. गौरी-गणपती बसतात, हळदी-कुंकू असतं, बारसं असतं, घरातच पंगत बसते. पाहुणे मुक्कामाला आले की रात्री गाद्या पडतात. सहा बाय तीनच्या चार गाद्यांना ७२ चौरस फूट मोकळी जमीन हवी. पेठांतल्या जुन्या घरांचा सोपा, म्हणजे पुढची बैठकीची जागा, याच हिशेबाने बांधलेला असे. बसायची सोय कडेने आणि मधली जागा मोकळी. तेव्हा सोफा भिंतीला टेकवणं ही आपल्या घराची गरज आहे. त्याबद्दल कुणाला काही वाटून घ्यायचं कारण नाही. उलट विचारायला हवं ते हे की एल सोफा मुळात घ्यायचाच कशाला? दिवाण, दोन हलक्या खुर्च्या आणि तक्के यांत तेवढीच माणसं बसतात, आणि गरज पडली की दोघांनी उचलून सगळं बाजूला होतं. खाली गाद्या ठेवायला जागा मिळते ती वेगळीच.

सोफा भिंतीपासून दोन इंच सुटा ठेवावा असं एकच ठिकाण आहे. घराची बाहेरची भिंत, त्यातही पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची. त्याचं कारण शोभेशी निगडित नाही. जून ते सप्टेंबर पाऊस वाऱ्यासह त्याच दिशेने येतो आणि त्या भिंतीवर आपटत राहतो. भिंत आतून गार आणि दमट राहते. तिला चिकटून सोफ्याची पाठ किंवा कपाट असेल तर मधे हवा फिरत नाही, आणि महिनाभरात मागे बुरशीचे काळे-हिरवे ठिपके उठतात. कपाटातल्या साड्यांना येणारा तो कोंदट वास तिथूनच येतो.

कोल्हापुरातल्या घरसजावटीची सगळ्यात महागडी चूक कोणती असं विचारलं, तर माझं उत्तर हेच: ओल झाकणं. भिंतीला पोपडे सुटले, लोणा आला, की हल्ली त्यावर पीव्हीसी पॅनेल ठोकतात किंवा वॉलपेपर चिकटवतात. एका दिवसात भिंत चकाचक दिसते. मागे पाणी तसंच मुरत राहतं. पॅनेलच्या आतली लाकडी पट्टी कुजते, खिळे गंजतात, बुरशी वाढते आणि तिचे कण फटींतून खोलीत येत राहतात. घरात दम्याचा किंवा ॲलर्जीचा माणूस असेल तर त्याचा पावसाळा कठीण जातो. दोन-तीन वर्षांनी पॅनेल काढलं की गिलावा हाताने निघतो. म्हणजे पॅनेलचा खर्च वाया, वर गिलाव्याचा खर्च नवा.

ओल कुठून येते हे शोधायला यंत्र लागत नाही. भिंतीचा संशय असलेला भाग कोरड्या फडक्याने पुसायचा. फूट बाय फूट आकाराचा ॲल्युमिनियम फॉइलचा किंवा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बंद करायचा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवायचा. तुकड्याच्या खोलीकडच्या बाजूवर दव जमलं, तर खोलीतलीच वाफ गार भिंतीवर साचते आहे. मग इलाज हवा खेळती करणं, कपडे घरात वाळत न घालणं, स्वयंपाकघरात एक्झॉस्ट लावणं हा. भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं, तर ते भिंतीतून येतं आहे. आता ते कुठलं हे बघायचं. ओल जमिनीपासून वर दोन-तीन फुटांपर्यंत एका पट्ट्यात असेल तर जोत्यातून चढते आहे. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत असेल तर चौकटीची फट किंवा छज्जा दोषी. बाथरूमच्या मागच्या भिंतीवर वर्षभर, उन्हाळ्यातसुद्धा असेल, तर नळाचा सांधा किंवा फरशीचा जोड गळतो आहे.

बाहेरून येणाऱ्या ओलीवर इलाज बाहेरूनच करावा लागतो. आतून कितीही महागडा वॉटरप्रूफ रंग लावला तरी पाणी भिंतीत शिरलेलंच असतं, ते दुसरीकडून वाट काढतं. बाहेरच्या भेगा व्ही आकारात खरवडून भरायच्या, चौकटीभोवतीचं सिलिकॉन नवं करायचं, मग बाहेरचा वॉटरप्रूफ लेप दोन हात द्यायचा. काम एप्रिल-मेमध्ये, भिंत पूर्ण कोरडी असताना करायचं. छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून इंच-दीड इंच आत, अर्ध्या इंचाची एक सलग खाच असते ती आहे का पाहावं. ती असली की पाणी तिथेच तुटून खाली पडतं. नसली की ते छज्ज्याच्या पोटाला धरून सरपटत भिंतीपर्यंत येतं. एवढीशी खाच गवंड्याने विसरली म्हणून दर पावसाळ्यात खिडकीवरचा रंग सोलणारी घरं गल्लोगल्ली आहेत.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ इथल्या जुन्या घरांबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मातीच्या किंवा चुन्यातल्या दगडी भिंती ओल घेतात आणि सोडतात. त्यांना सिमेंटचा गिलावा आणि वर तेलकट रंग दिला की ओल आत कोंडते, आणि मग गिलाव्याचे पापुद्रे फुगून पडतात. अशा भिंतींना चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी लागते. घर मागासलेलं दिसेल या भीतीने सिमेंट फासणं हा त्या भिंतीवर अन्याय आहे, आणि दर तीन-चार वर्षांनी खिशावरही.

फॉल्स सिलिंगचं आकर्षण मला सगळ्यात कमी समजतं. आपल्या फ्लॅटमध्ये जमिनीपासून स्लॅबपर्यंतची उंची ९ ते साडेनऊ फूट. राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे साधारण ९ फूट, हे राष्ट्रीय इमारत संहितेतलं प्रमाण आहे. त्यात कडेने दिव्यांची पट्टी सोडायची म्हणून ६ ते ८ इंच खाली छत उतरवलं की उरले ८ फूट ४ इंच. पंख्याला वरून हवा ओढून घ्यायला पाती छतापासून १० ते १२ इंच खाली हवीत. तसं केलं तर पाती साडेसात फुटांवर येतात, आणि पलंगावर उभं राहून चादर झटकणाऱ्या माणसाचा हात त्यांत जाऊ शकतो. हे टाळायला दांडी आखूड करतात. मग पंखा छताला चिकटतो, गरगर फिरतो आणि वारा देत नाही. मे महिन्यात घरातली माणसं त्या नक्षीदार छताखाली घामाघूम बसतात आणि एसीचा खर्च निघतो. पंखा नेहमी स्लॅबच्या हुकातूनच टांगलेला हवा. जिप्सम बोर्डची पत्र्याची चौकट त्याचं वजन आणि थरथर पेलायला केलेलीच नसते.

वरच्या मजल्यावर तर हा खर्च आणखी चुकीच्या जागी होतो. स्लॅब तापतो तो वरून. गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी किंवा ऊन परतवणारा पांढरा लेप दिला की उष्णता स्लॅबमध्ये शिरायच्या आधीच अडते, आणि गळतीचा बंदोबस्तही त्याच कामात होतो. खालून लावलेलं छत फक्त गळती लपवतं. पाण्याचा पिवळा डाग जिप्समवर दिसेपर्यंत वरची सळी गंजायला लागलेली असू शकते.

पडद्यांच्या बाबतीत मात्र यादीतला एक नियम खरा निघतो, फक्त त्याचं कारण वेगळं आहे. पडद्याचा रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना ६ ते ८ इंच जास्त घ्यावा, कारण मग दिवसा सरकवलेला पडदा काचेवर न राहता भिंतीवर जमा होतो आणि पूर्ण खिडकीचा उजेड आत येतो. ५ फुटांच्या खिडकीचा रॉड असा ६ फुटांचा झाला, तर चुण्यांसाठी दुप्पट, म्हणजे १२ फूट रुंदीचं कापड लागतं. ४८ इंच पन्ह्याचे तीन पट्टे घेतले की पुरतं. गांधीनगरला घाऊक कापड घ्यायला जाताना एवढा हिशेब कागदावर करून नेला तर कापड उरतही नाही आणि कमीही पडत नाही. पडदा जमिनीला टेकलाच पाहिजे, हा आग्रह मात्र सोडून द्यावा. रोज ओल्या फडक्याने पुसल्या जाणाऱ्या फरशीवर तो खालून काळा पडतो. पाऊण-एक इंच वर असलेला बरा.

उन्हाच्या खिडकीला जाड पडदा लावून खोली फारशी गार होत नाही, हेही लक्षात घ्यावं. ऊन काचेतून आत आलं की उष्णता आत आलीच, पडदा ती धरून बसतो. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूच्या काड्यांची चीक किंवा छज्जा हवा.

त्याहून मोठा प्रश्न वाऱ्याचा. राष्ट्रीय इमारत संहितेत दमट-उष्ण हवेसाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश इतक्या खिडक्या-झरोक्यांची अपेक्षा आहे. १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट. ५ बाय ४ फुटांची खिडकी कागदावर हे माप पूर्ण करते. पण ती दोन पट्ट्यांची सरकती असेल तर एका वेळी अर्धीच उघडते, १० चौरस फूट. मग तिच्या समोर टीव्ही युनिटचा उंच खांब येतो, बाल्कनी काचेने बंद होते, आणि खोली कोंदट होते. सजावटीत खिडकीची अडवणूक झाली तर ती चूक मोठी, मग रंगसंगती कितीही साधलेली असो.

आता स्वयंपाकघर. इथे झालेल्या चुकीची किंमत घरातली बाई रोज तीन-चार तास मोजते, म्हणून इथे मला कुठलीही तडजोड मान्य नाही. ओट्याची उंची कॅटलॉगवरून घेतात, ३४ ते ३६ इंच. ती घ्यायला हवी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या कोपरावरून. सरळ उभं राहून कोपर काटकोनात दुमडायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि त्यातून ४ ते ६ इंच वजा करायचे. ५ फूट उंचीच्या बाईचा कोपर साधारण ३७-३८ इंचांवर येतो, म्हणजे ओटा ३२ ते ३३ इंचांचा. त्यावर शेगडीची उंची आणि पातेल्याची उंची चढते, हे विसरायचं नाही. ३६ इंचांच्या ओट्यावर रश्श्याचं मोठं पातेलं ढवळताना खांदा वर उचलावा लागतो आणि काही वर्षांत मान-खांदा धरतो.

आपल्याकडे भाकरी रोजची. भाकरीचं पीठ मळायला आणि थापायला वरून जोर लागतो, म्हणून ती जागा ओट्याहून आणखी ३-४ इंच खाली हवी. ओट्याच्या एका टोकाला अडीच फूट लांबीचा, २९-३० इंच उंचीचा टप्पा काढून घेणं गवंड्याला अजिबात अवघड नाही. काठवट किंवा परात तिथे बसते. मॉड्युलर किचनवाले हे आपणहून सुचवत नाहीत, कारण त्यांच्या कपाटांची मापं ठरलेली असतात. आपण मागावं लागतं, आणि अडून मागावं.

मिरची भाजणं, कांदा-लसूण चटणी, मटणाची फोडणी हे सगळं ज्या घरात होतं तिथे धूर बाहेर काढणं ही सजावटीच्या आधीची गोष्ट आहे. चिमणी शेगडीपासून २६ ते ३० इंचांवर हवी. त्याहून वर गेली की धूर कडेने निसटतो. तिचा पाइप ६ इंचांचा असेल तर शेवटपर्यंत ६ इंचांचाच ठेवायचा, जास्तीत जास्त दोन वळणं द्यायची आणि थेट बाहेर काढायचा. पाइप दिसू नये म्हणून लॉफ्टमधून चार वळणं देऊन फिरवला तर चिमणी नुसती आवाज करते. पाइप दिसला तर दिसू द्यावा. आणि हवा बाहेर जायची तर कुठून तरी आत यायला हवी, तेव्हा चिमणी चालू असताना समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवावी.

सिलिंडर दिसू नये म्हणून त्याला कपाटात दार लावून कोंडणं ही तर धोक्याचीच गोष्ट. एलपीजी हवेहून जड असतो, गळला तर खाली साचतो. त्या कपाटाला तळाशी जाळी हवी, दाराला आणि शक्य असेल तर बाजूच्या भिंतीलाही. नुसती वर भोकं पाडून उपयोग होत नाही. सिंकच्या खालच्या कपाटाला आयएस ७१० प्रतीचा, म्हणजे मरीन प्लाय घ्यावा, बाकी ठिकाणी आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला बऱ्यापैकी टिकणारा प्लाय चालतो. लाकडाचा भुसा-तंतू दाबून केलेले एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड पाण्याच्या जवळ नकोच. सिंकच्या पाइपसाठी प्लायला पाडलेल्या भोकाची कड सुतार तशीच उघडी सोडतात, तिथूनच पाणी शिरून थर सुटतात. ती कड सिलिकॉनने बंद करून घ्यावी. दहा मिनिटांचं काम आहे.

बाथरूमला चकचकीत टाइल लावू नये, एवढं सांगितलं तरी पुरे. खरबरीत घ्यावी, उतार दर मीटरला किमान एक सेंटिमीटर ठेवावा, आणि घरात वयस्कर माणूस असेल तर कमोडशेजारी स्टीलचा दांडा आधीच भिंतीत बसवून घ्यावा.

दूधाळी, जामदार क्लब, शाहूपुरीची कुंभार गल्ली, कसबा बावड्याचा नदीकडचा भाग, अशा ठिकाणी राहणाऱ्यांसाठी सजावटीचा सगळा विचारच वेगळा करायला हवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २००५ला पाणी घरांत शिरलं, २०१९च्या ऑगस्टमध्ये शिरलं, २०२१च्या जुलैत पुन्हा शिरलं. २०१९ आणि २०२१ला पातळी ५० फुटांच्या वर गेली होती. अशा घराच्या तळमजल्यावर जमिनीत रोवलेलं प्लायचं फर्निचर, पीओपी, वॉलपेपर करणं म्हणजे कर्ज काढून ते नदीला देणं. इथे लोखंडी कपाट, लोखंडी कॉट, स्टीलची मांडणी, कडाप्प्याचे कप्पे हेच शहाणपणाचं आहे. जुन्या धाटणीचं म्हणून कुणी नाक मुरडलं तरी पाणी ओसरल्यावर धुऊन, पुसून, गंज लागलेल्या जागी रंग मारून तेच पुन्हा वापरता येतं. कोल्हापुरात उत्तम फॅब्रिकेटर आहेत. त्यांच्याकडून दोन-दोन माणसांना उचलता येतील अशा सुट्या चौकटींचं फर्निचर करून घ्यावं, म्हणजे इशारा आला की वर नेता येतं. प्लगचे बोर्ड गुडघ्याच्या उंचीवर नकोत, साडेचार-पाच फुटांवर असावेत. तळमजल्याची वायरिंग वेगळ्या एमसीबीवर घ्यावी, म्हणजे खालचा पुरवठा तोडून वरच्या मजल्यावर दिवा चालू ठेवता येतो. वीज कुठे गळली की पुरवठा लगेच तोडणारा ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी तर प्रत्येक घरात हवाच, पूर येवो न येवो.

फोटो आणि शोकेसकडे येतो. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर असावा, हा कलादालनांतला संकेत आहे. तिथे लोक उभे राहून बघतात. आपल्याकडे आजोबांची तसबीर दाराच्या वर, किंचित पुढे कललेली असते. खाली बसलेल्या माणसाला ती नीट दिसते, काचेवर खिडकीची तिरीप चमकत नाही, आणि हार घालायला वरचा खिळा सोपा पडतो. त्यामागे पिढ्यांचा विचार आहे. ती खाली उतरवायची काहीच गरज नाही. फक्त खिळा गिलाव्यात नुसता ठोकू नये. ६ मिलिमीटरचं भोक, त्यात प्लग आणि दीड इंची स्क्रू, एवढं केलं की जड चौकट वर्षानुवर्षं राहते.

शोकेसमध्ये कुस्तीची गदा असेल, तालमीच्या फुटबॉल संघाचा कप असेल, मुलीच्या शाळेची ढाल असेल, आईने जपलेली पितळी भांडी असतील. ती काढून तिथे दोन पांढरे दगड आणि एक सुकी काडी ठेवायला सांगणारा सल्ला मला पटत नाही. घरातल्यांनी कमावलेलं घरात दिसावं. धूळ बसते ही तक्रार खरी, तिला काचेची सरकती दारं हा उपाय आहे. नवीन काही भिंतीवर लावायचंच असेल तर छापील कॅनव्हासवर पैसे घालण्यापेक्षा इथल्या चित्रकाराचं एखादं निसर्गचित्र घ्यावं. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, चंद्रकांत मांडरे यांच्या गावात हातानं काढलेलं चित्र मिळायला अडचण नाही. जलरंग असेल तर थेट उन्हाच्या भिंतीवर लावू नये, रंग उडतात.

यावर कुणी म्हणेल की मग सौंदर्याला काहीच किंमत नाही का? आहे, आणि मोठी आहे. सकाळी उठल्यावर समोरची भिंत बघून बरं वाटणं ही खरी गरज आहे. गल्लीतल्या घरात, जिथे उजेड वरूनच येतो, तिथे पांढरं छत आणि फिकट भिंती खोली दिवसा उजळ ठेवतात. संध्याकाळी बसायच्या खोलीत ६५०० केल्विनच्या निळसर ट्यूबऐवजी ३००० केल्विनचा पिवळसर दिवा डोळ्यांना आराम देतो, आणि ओट्यावर ४००० केल्विनची पट्टी कपाटाखाली लावली की चिरताना स्वतःची सावली पडत नाही. हे सगळं करावंच. पण यातलं काही चुकलं तर दोन दिवसांत आणि थोडक्या पैशांत बदलता येतं. रंग पुन्हा देता येतो, दिवा काढून दुसरा लावता येतो, उशीचं कव्हर तर आठवड्याला बदला. ओट्याची उंची, वायरची जाडी, बाथरूमचा उतार, चिमणीचा पाइप या गोष्टी चुकल्या की तोडफोड करावी लागते, म्हणून बहुतेक लोक त्या सहन करत राहतात. विचार आणि पैसा आधी त्यांच्यावर खर्च व्हायला हवा. बाहेरची भिंत आणि पाणी, मग वीज, मग हवा, मग ओटा. सनमायक्याचा रंग त्यानंतर.

आणि ठेकेदाराला आगाऊ रक्कम देण्याआधी विजेची कामं कागदावर लिहून घ्यावीत. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर, प्लगना अडीच, गीझर आणि एसीला चार, प्रत्येकाचा वेगळा एमसीबी, आणि प्रत्येक बोर्डापर्यंत अर्थिंगची हिरवी वायर. टीव्ही युनिटच्या मागे किमान चार प्लग, म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड कपाटात तापत पडणार नाही. पलंगाशेजारी दिव्याचं दुसरं बटण. गिलावा चढण्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून पाइपांचे आणि वायरींचे फोटो काढावेत आणि ते घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावेत, म्हणजे पुढे कुठेही ड्रिल मारताना आत काय आहे ते आधी बघता येईल.